कासीमचाचांच्या दोन टिचक्या

कासीमचाचांचा फेटा एकदा सोडून बघावा, असं आमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटलं असेल. धुऊन धुऊन पिवळट पडलेला, आणि डोक्याच्या मानाने फारच मोठा. त्यात सारंगीच्या दोन-तीन जादा ताती गुंडाळलेल्या असत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय सारंगी वाजवायच्या गजाला लावायच्या राळेचा खडा, एक जाड सुई, सुपारीचं खांड, आणि एकदा तर कुठल्याशा लग्नातला अर्धा बुंदीचा लाडूही त्यातून निघाला होता. लाडू निघाला तेव्हा चाचांनाच सगळ्यात जास्त नवल वाटलं.

तात म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची पिळून केलेली दोरी. सारंगीला अशा तीन असतात आणि खरं वाजवणं त्यांच्यावर. खाली पोलादी तारांचं जंजाळ असतं ते नुसतं गुणगुणायला. ताती हवेला हळव्या, लहरी. ओल लागली की फुगतात, ऊन लागलं की आवळतात आणि ऐन गाण्यात तटकन जातात. म्हणून चाचा त्या फेट्यात ठेवत. "डोस्क्याची ऊब लागती तिला," म्हणायचे. "पेटाऱ्यात ठिवली तर ओल धरती आन् ऐन वक्ताला दगा देती."

चाचा जातीने पिंजारी. घर घाटनांदूरला. त्यांचे वडील दारोदार कापूस पिंजत फिरायचे, आणि त्या पिंजायच्या धनुकलीलाही तातच लागते. तेव्हा तातीशी त्यांची ओळख पाळण्यापासूनची म्हणायची. पिंजाऱ्याच्या घरात सारंगी कशी आली, कुणी शिकवली, हे मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि मला फक्त स्वतःबद्दल बोलायला आवडायचं.

आम्ही चौघं. गाणारे नारोबुवा, तबल्याला त्यांचा मेहुणा शंकर, सारंगीला कासीमचाचा, आणि पेटीला मी, बाबू गुरव. मोमिनाबादेला, म्हणजे आताच्या आंबेजोगाईला, आमच्या घरी देवळाची पूजा आणि थोडी इनाम जमीन होती. खाऊन-पिऊन सुखी होतो. नारोबुवांनी सोलापुराहून पेटी आणली, तिच्यावर माझी बोटं बरी चालली, म्हणून मला घेतलं.

पेटी पहिल्यांदा आली तेव्हा चाचांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. खाली वाकून आत डोकावले.

"हिची तात कुठाय?"

"हिला तात नसती, चाचा. आत पितळी पट्ट्या हायत."

"मंग हिचं तुटतं काय?"

"काय न्हाई तुटत."

चाचांनी पुन्हा एकदा आत पाहिलं. मग गंभीरपणे विचारलं, "मंग वाजिवणाऱ्याला इसावा कवा?"

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पेटीमुळे चाचांची भाकरी जाणार, असं गावात बोलायला तेव्हाच सुरुवात झाली होती. चाचांच्या कानावरही ते जात असणार. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी आपली सारंगी पेटीच्या सुरात जुळवून घेतली, आणि तिसऱ्या दिवसापासून मला शिकवायला लागले. पेटी वाजवायला नव्हे, ती त्यांना येत नव्हती. कधी वाजवायचं नाही, ते शिकवायला.

मैफलीत तात तुटली तर काय करायचं याची त्यांची पद्धत ठरलेली होती. आवाज होताच लोकांच्या माना वळत, पण चाचांचा गज थांबत नसे. धरलेली ओळ ते उरलेल्या तातींवर पुरी करत. मग माझ्याकडे बघून हनुवटी किंचित वर करत. म्हणजे आता तू. मी बुवांच्या मागे तेवढा सूर भरायचा. बुवांनी नुकतंच म्हटलेलं हलक्या हाताने पुन्हा म्हणायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. शंकर तबल्याचा जोर जरा उतरवायचा. चाचा फेट्यातून तात ओढायचे, टोक दातांनी सारखं करायचे, थुंकी लावून गाठ मारायचे, घोडीवरून खुंटीला न्यायचे आणि पिळायचे. तीनतालाची आठ आवर्तनं, क्वचित नऊ. तात चढली की सारंगीच्या पोटावर जे कातडं असतं त्यावर बोटाने दोन टिचक्या. टप, टप. त्या ऐकल्या की येणाऱ्या समेला मी पेटीवरचा हात उचलायचा आणि ती जागा त्यांची त्यांना मोकळी करून द्यायची.

"ही अमानत हाय, बाबू, दुसऱ्याची ठेव," ते म्हणायचे. "मी देतो ती मोजून दिल्यावानी घ्यायची आन् टिचकी आली की तशीच वापस. तिच्यात आपली भर घालायची न्हाई."

नवी तात चढवल्यावर ते लगेच तिच्यावर जोर देत नसत. ती ताणत राहते आणि सूर उतरत जातो. पहिला बराच वेळ ते शेजारच्या तातीवरच खालपर्यंत हात नेऊन वाजवत, आणि मधूनच नवीला हळूच स्पर्श करून बघत. बुवा चिडून म्हणायचे, चढवलीय तर वाजवा की. चाचा म्हणायचे, "नवी सून हाय बुवा. आल्या आल्या जात्याला न्हाई जुंपायची."

कड्याच्या जत्रेतली गोष्ट अजून आठवते. चैत्र महिना, भर दुपार, वारा असा की तोंडावर कुणी भट्टीचं दार उघडलंय. एका बैठकीत तीन ताती गेल्या. प्रत्येक वेळी चाचा फेट्याचा एक पदर सोडून तात काढत, पण गुंडाळायला फुरसत कुठली. तिसऱ्या वेळी सगळा फेटा गळ्यात आला आणि टक्कल उन्हात चमकायला लागलं. समोर बसलेले पाटील म्हणाले, "चाचा, आता चौथी गेली तर धोतराला हात घालू नका बरं."

"न्हाई घालत, मालक," चाचा खुंटी पिळता पिळता म्हणाले. "तिथं ठिवल्यालं न्हाई काही."

जत्रा हसली, आणि त्या हसण्यात त्यांनी टप टप केलं. मी समेला हात उचलला. बुवांचा षड्ज आणि नव्या तातीचा षड्ज असे काही एकावर एक बसले की हसणारे मध्येच गप्प झाले.

पण मला सांगायची आहे ती केजच्या लग्नातली गोष्ट. तिथे चाचांचं काही तुटलं नाही, माझंच बिघडलं. पेटीची एक पट्टी अडकली. हात काढला तरी सूर चालूच, आणि तो मध्यम. भाता सोडला तर पेटी मुकी, हलवला तर ती मध्यमाचा टाहो फोडणार. वरपक्षाची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. चाचांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि गज त्या मध्यमावर असा लांब, असा निवांत ओढला की जणू बुवांना तिथंच यायचं होतं. बुवाही जुने खेळाडू. ते त्या मध्यमावर येऊन बसले आणि तिथून नवीच चाल धरली. लोकांनी माना डोलावल्या. मी तोवर भाता सोडला, पेटीचं झाकण काढलं, पट्टीखाली अडकलेला कापसाचा तंतू फुंकून उडवला, झाकण लावलं.

आता सांगायचं कसं? मला टिचकी मारायला पेटीला कातडं नाही. मी नुसता पेटीवर हात ठेवून बसलो. चाचांनी ते पाहिलं. समेवर गज उचलला आणि मांडीवर आडवा ठेवला. एक आख्खं आवर्तन त्यांनी काही वाजवलं नाही. सोळा मात्रा. माझ्यासाठी रिकाम्या. लोकांना वाटलं असेल, म्हातारा दमला. मी आत शिरलो आणि मग ते माझ्या मागून आले, सावकाश.

परतताना बैलगाडीत मी म्हणालो, "चाचा, आज तुमी नसता तर माजी अब्रू गेलती."

"काहून जाईल?" ते म्हणाले. "आज तुजं तुटलं, परवा माजं तुटंल." आणि पाय चोळायला लागले. गुडघे तेव्हापासूनच धरले होते. गाडीचा प्रत्येक खड्डा त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा.

त्यानंतर दोन वर्षांनी मोमिनाबादच्या देशमुखांनी ठरवलं की बुवांना आपल्याकडेच ठेवून घ्यायचं आणि त्यांच्या साथीला एकच वादक कायमचा ठेवायचा. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, कपडालत्ता. तबल्याला शंकर बुवांच्या घरचाच, त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न सारंगी की पेटी एवढाच. सगळे धरून चालले होते की ती जागा चाचांची. वयाने, मानाने, हाताने. देशमुखांकडे तालुकदारसाहेब, म्हणजे निजामाचे जिल्ह्याचे अधिकारी, येणार होते; त्यांच्यापुढे सकाळची बैठक ठेवली होती. तालुकदार हैदराबादेचे, गाण्याचे शौकीन. ते ऐकतील आणि मग देशमुख ठरवतील, असं होतं.

बैठकीच्या आधी चाचा माझ्या घरी आले. ओट्यावर बसले, गुडघा लांब केला. आईने दिलेलं ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "ही जागा मिळाली तर गाडी सुटंल, बाबू. एका जागी बसून वाजवीन मरेस्तोवर. लई झालं हिंडून." ते मागत नव्हते, नुसतं सांगत होते. मला त्या जागेची काहीच गरज नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

बैठक दिवाणखान्यात. खाली जाजम, वर झालरीचा पंखा ओढला जातोय. बुवांनी तोडी लावली होती आणि सारंगी अशी लागली होती की तालुकदारसाहेबांनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली. विलंबित झालं, द्रुत सुरू झालं आणि चाचांची तात गेली.

चाचांनी ओळ पुरी केली. हनुवटी वर केली. मी पेटी धरली.

पहिली चार आवर्तनं मी रीतीप्रमाणे वाजवलं. पाचव्याला बुवांनी एक तान घेतली, मी ती पेटीवर परत दिली आणि तिला शेवटी स्वतःचा एक पेच घातला. घालायचा नव्हता. तालुकदारसाहेब म्हणाले, "वाह." माझ्याकडे बघून म्हणाले. आजवर मला कुणी असं बघून म्हटलं नव्हतं. मी पुढच्याला आणखी एक घातला. बुवा गाण्यात पुरे बुडालेले होते, त्यांना चेव चढला. शंकरनेही उतरवलेला तबला चढवला. पेटीवर जलद तान अशी काही फुटते, एकेक दाणा सुटा. त्या दिवाणखान्यात ती कुणी ऐकली नव्हती.

टप, टप.

मी ऐकलं. आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. शंकरचा तबला जोरात होता हे खरं, पण त्या टिचक्या मला झोपेतही ऐकू आल्या असत्या. सम आली. माझा हात उचलला गेला नाही. मी मनाशी म्हटलं, हे एक आवर्तन, मग देतो. ते झालं. आणखी एक.

टप, टप. जरा जोरात.

मी डोळे मिटून घेतले. रंगलेल्या माणसाने मिटावे तसे. ते ढोंग होतं. मिटल्या डोळ्यांनी मी वाजवत राहिलो, तिहाई घेतली, बुवांबरोबर समेवर आलो आणि दिवाणखाना वाहवा करत उठला. तिसऱ्यांदा टिचकी आली नाही. डोळे उघडले तेव्हा चाचा सारंगी मांडीवर घेऊन बसले होते. नवी तात चढलेली, सुरात लागलेली. गज मांडीवर आडवा. केजला ठेवला होता तसाच.

तालुकदारसाहेब जाताना देशमुखांना म्हणाले की पेटीची चीज काही और आहे, आणि हिचं मध्येच तुटत नाही. देशमुखांना तेवढं पुरलं. संध्याकाळच्या आत मला बोलावणं आलं.

बैठक संपल्यावर आम्ही पायऱ्या उतरत होतो, तेव्हाची गोष्ट. चाचा भिंतीला हात टेकत एकेक पायरी उतरत होते आणि सारंगीचा गठ्ठा मी घेतला होता. तो घ्यायची मला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे. खाली आल्यावर त्यांनी गठ्ठा माझ्याकडून घेतला.

"लई चांगलं वाजिवलंस," ते म्हणाले. आणि मग, "टिचकी ऐकू न्हाई आली का, बाबू?"

"न्हाई, चाचा. तबला लई जोरात व्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "असंल," ते म्हणाले आणि फेटा नीट करत गाडीअड्ड्याकडे निघाले. मी ती जागा नाकारू शकलो असतो. त्याच संध्याकाळी जाऊन देशमुखांना सांगायचं, की साहेब, मी लबाडी केली, ती जागा त्यांची आहे. चार वाक्यं. मी जेवलो आणि झोपलो.

देशमुखांकडे मी अकरा वर्षं होतो. बुवांनी सुरुवातीला एकदा विषय काढला, "कासीमला टिचकी मारायला विसर पडला का रे त्या दिवशी?" मी म्हणालो, असेल. म्हणजे खोटं बोलून भागलं नाही, दोषही त्यांच्या अंगावर घातला. बुवांनी पुन्हा विचारलं नाही, पण नंतर कधी ते मला गाण्यात जागा सोडत नसत. मी तक्रार कुणाकडे करणार होतो?

चाचांना मी शेवटचं पाहिलं ते बुवा गेल्यानंतर. घाटनांदूरला माझ्या चुलतबहिणीच्या घरचं बारसं होतं. खोटं कशाला, बारसं निमित्त होतं. चाचा जिवंत आहेत असं कळलं होतं आणि काय बोलायचं ते मी वाटेत गाडीत घोकत गेलो होतो.

घर शोधावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच तातीचा आवाज आला. टंऽव, टंऽव. चाचा पडवीत बसले होते. छताला टांगलेली धनुकली, हातात लाकडी ठोकळा, तातीच्या प्रत्येक ठोक्याला खालचा कापूस फुलून वर उडत होता. भुवया, मिशा, फेटा, सगळ्यावर कापूस. गादी भरून न्यायला आलेली एक बाई ओट्यावर टेकली होती. मी उभा राहून ऐकलं. ती तात बुवांच्या षड्जात लावलेली होती.

"कोण, बाबू का?" ते म्हणाले. "ये. लांब बस, कापूस उडतो."

मी सारंगीचं विचारलं. "हाय की. भिंतीला," त्यांनी आत बोट दाखवलं. "ताती उतरवून ठिवल्या. ताण ठिवून टांगली तर मान वाकती तिची." मग माझ्या आईचं विचारलं, बुवांच्या शेवटच्या दुखण्याचं विचारलं. मग मी घोकलेलं काढलं. "चाचा, त्या दिवशी..." मी म्हणालो, आणि तेवढ्यात धनुकलीची तात तटकन गेली. ती बाई दचकली.

चाचांचा हात सवयीने फेट्याकडे गेला. त्यातून तात निघाली, आणि तिच्यासोबत राळेचा खडाही खाली पडला. राळ आता काय कामाची, पण होती. त्यांनी टोक दातांत धरलं आणि माझ्याकडे बघून हनुवटी किंचित वर केली.

मला कळेना.

"सा धर की," ते दातांतून म्हणाले. "रिकामा कशाला ठिवायचा?"

भर दुपारी, त्या बाईसमोर, मी तोंडाने षड्ज लावला. माझा गळा गाण्याचा नाही. सूर थरथरत होता, तरी धरला. चाचांनी थुंकी लावून गाठ मारली. आता त्यांची बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती आणि आठ आवर्तनांत काही होईना. मी श्वास घेऊन पुन्हा धरला, पुन्हा धरला. ती बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. शेवटी तात ताणली गेली. त्यांनी धनुकलीच्या लाकडावर बोटाने दोन टिचक्या मारल्या.

मी तिथल्या तिथे थांबलो.

"आलं की ऐकू," चाचा म्हणाले.

"तवाबी आल्तं, चाचा," मी म्हणालो.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. त्यांनी नव्या तातीला ठोकळा अगदी हळू लावून बघितला, जरासा उतरलेला सूर पुन्हा पिळून चढवला आणि त्या बाईला म्हणाले, "बस जरा, बाई. आत्ताच चढिवलीया, थोडी मुरू दे तिला."

मी निघालो तेव्हा त्यांनी पिंजायला सुरुवात केली होती. वळून पाहिलं तर कापूस एवढा उडत होता की त्यात चाचा दिसत नव्हते, फेट्याचा नुसता वरचा पदर दिसत होता. आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत येत राहिला.